वाशिंदच्या पहाटेचा वास आणि अर्जावरची पोच

थंडी पडली की वाशिंदला वासाची एक वेळ ठरलेली असते. पहाटेची. फजरला निघालेली चार माणसं, कल्याणकडे जाणारी लोकल पकडायला धावणारे चाकरमानी आणि दूधवाले, यांना तो सर्वात आधी लागतो. कधी कोंबडखताचा उग्र, डोळ्यांना झोंबणारा. कधी रात्री कुणीतरी पेटवून दिलेल्या प्लास्टिकचा. कधी नाल्याचा, कुजका. नऊ वाजता ऊन वर आलं की विरून जातो. साहेब पाहणीला येतात ते अकरा-बाराला. "कुठे आहे वास?" असं विचारतात, आणि खरंच त्या वेळी नसतो.

यात साहेबांची लबाडी असतेच असं नाही. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वाशिंद-खडवलीचा पट्टा भातसा नदीच्या काठचा, सखल. खाली सुटलेला धूर आणि वास त्या झाकणाखाली कोंडून राहतो. ऊन पडलं की झाकण उघडतं. वास असतो तेव्हा कचेरी बंद असते आणि कचेरी उघडते तेव्हा वास गेलेला असतो, असा हा साधा मामला आहे. पण त्यामुळे तक्रार करणारा माणूस दरवेळी खोटा ठरतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मोहल्ल्यातली काही माणसं आणि पलीकडच्या आळीतले शेजारी असे बसून अर्ज लिहायला लागलो. पहिला मसुदा दोन ओळींचा होता. परिसरात फार दुर्गंधी येते, आरोग्याला धोका आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती. खाली बावीस सह्या. अर्ज ज्या कचेरीत दिला तिथून तोंडी उत्तर आलं की कसला वास, कुठून, कधी, काहीच नाही यात. उत्तर ऐकून राग आला, पण नंतर वाटलं की बरोबर बोलतोय माणूस.

दुसऱ्या बैठकीत खरा पेच आला. वास कुठून येतो हे लिहायचं ठरलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, रस्त्यावरची चिकनची दुकानं लिहा पहिली. बैठक थंड झाली. दुकानं आपल्याच लोकांची. लिहिणारा मनात काय धरून बोलला ते अल्लाहला माहीत, पण ऐकणाऱ्यांच्या मनात जे आलं ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. वासाची तक्रार कुठे संपते आणि वास येणाऱ्या माणसाची तक्रार कुठे सुरू होते, ही रेघ आजच्या महाराष्ट्रात फार पातळ झाली आहे. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनाला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा हुकूम काढला होता. त्याचा वासाशी काही संबंध नव्हता, आणि त्यावर टीका करणाऱ्यांत सत्तेतले नेतेही होते. पण असे हुकूम पाहिलेल्या दुकानदाराला 'दुर्गंधी' हा शब्द ऐकला की पुढचं वाक्य काय असेल याची धास्ती बसते. ती धास्ती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही.

तरीही आम्ही दुकानं अर्जात लिहिली. पोल्ट्रीच्या शेडही लिहिल्या, कचरा जाळणंही लिहिलं, वीटभट्टीही लिहिली. का लिहिली ते पुढे येईलच.

आधी कायद्याच्या नजरेला वास कसा दिसतो ते पाहू. थोडक्यात, दिसत नाही. देशात हवेची जी मानकं २००९ साली ठरली त्यांत बारा घटक आहेत. धुळीचे दोन प्रकार, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, शिसं, अमोनिया, बेंझीन वगैरे. नाल्यातून आणि कुजलेल्या कचऱ्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारखा वास देणारा वायू, या यादीत नाही. मोबाईलवर जो हवेचा निर्देशांक दिसतो तो तर आठच घटकांवरून काढतात. शिवाय शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला मोबाईलवर दिसणारा आकडा बहुतेकदा कल्याण, भिवंडी किंवा बदलापूरच्या केंद्राचा असतो. वाशिंदच्या पोल्ट्रीमागे पहाटे पाच वाजता काय चाललंय हे त्या आकड्याला माहीत असण्याचं कारण नाही. आकडा हिरवा आणि नाक बंद, असा अनुभव आला तर घाबरून जाऊ नका, दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

नाकाचं यंत्र तसं भारी आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या अब्ज भागांत मोजके भाग असले तरी बहुतेकांना कळतो. पण तोच वायू फार वाढला की नाकाची संवेदनाच मरते आणि वास येणं थांबतं. गटारात, टाकीत उतरलेले सफाई कामगार मरतात त्यात हेही एक कारण असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास मुळीच नाही. घरातल्या सिलिंडरमधल्या गॅसलाही स्वतःचा असा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. मतलब, वास आला म्हणजे विषच आहे असं नाही आणि वास नाही म्हणजे हवा साफ असंही नाही. पण वास ही पहिली वर्दी असते. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरच्या त्या रात्री मिरच्या जळाल्यासारखा वास आला म्हणून लोक उठले, असं वाचलेल्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं आहे. डोंबिवलीकर एमआयडीसीच्या वासाबद्दल कित्येक वर्षं ओरडत होते. २०२० च्या फेब्रुवारीत तिथला रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री स्वतः बघायला आले, आणि २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत स्फोट होऊन माणसं मेली तेव्हा देशाने बघितलं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ साली दुर्गंधीवर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. चांगली आहे. पण मार्गदर्शक म्हणजे मानक नव्हे, तिच्यावरून दंड बसत नाही.

मग अर्ज कशाच्या जोरावर करायचा? इथे जुना फौजदारी कायदाच कामाला येतो. सार्वजनिक उपद्रवाचं कलम इंग्रजांच्या काळापासून आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते २७० वं कलम आहे आणि हवा आरोग्याला घातक करण्याबद्दल २८० वं. दंड मात्र हजार रुपयांपर्यंत. हजार रुपयांत आज कोंबड्यांच्या खाद्याचं एक पोतंही येत नाही, तेव्हा त्याची भीती कुणाला वाटणार. खरा जोर आहे तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रियेच्या १३३ मध्ये. या कलमाखाली कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांत, उपद्रव दूर करा असा सशर्त हुकूम काढू शकतात. यंत्राचा आकडा लागत नाही. पुरावा आणि पंचनामा लागतो.

या कलमाची ताकद ज्या खटल्याने दाखवली तो वाचण्यासारखा आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरातल्या एका वॉर्डाचे रहिवासी उघडी गटारं आणि दारूच्या कारखान्याच्या सांडपाण्याचा वास सहन करून थकले आणि दंडाधिकाऱ्यांकडे गेले. हुकूम निघाला. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने पैसे नसल्याची सबब फेटाळली. लोकांच्या आरोग्याचं काम ही नगरपालिकेची मर्जी नाही, कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय. पंचेचाळीस वर्षं झाली. ग्रामपंचायतीत "फंड नाही" हे उत्तर मिळालं की आम्हाला रतलाम आठवतं.

आता आपल्या तालुक्याकडे. शहापूर आणि मुरबाडच्या गावांत पोल्ट्री हा जोडधंदा नाही राहिला, कित्येक घरांचा तोच धंदा आहे. त्यात आगरी, कुणबी, आदिवासी, मुसलमान सगळे आहेत. भातशेतीवर वर्ष निघत नाही म्हणून कर्ज काढून शेड बांधली. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, चाळीसेक दिवसांनी माल उचलणारी गाडी कंपनीची. शेतकऱ्याचं काय? शेड, वीज, पाणी, मेहनत आणि वास. गावकरी ओरडले की नोटीस शेतकऱ्याच्या नावाने निघते, कंपनीचं नाव त्यात कुठेच नसतं. आम्हाला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात अन्यायाचा भाग वाटतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

वास येतो तो मुख्यतः अमोनियाचा. शेडमध्ये खाली भाताचं तूस पसरलेलं असतं, त्यात विष्ठा मिसळते, आणि हा थर ओला झाला की जिवाणू कामाला लागतात. थर कोरडा ठेवला, वेळोवेळी वरखाली केला, पाण्याच्या निपल गळू दिल्या नाहीत, तर वास निम्म्याने तरी कमी होतो हे पोल्ट्रीवाले स्वतः सांगतात. त्रास वाढतो तो दोन वेळा. पावसाळ्यात, आणि बॅच उचलल्यावर खत बाहेर काढून उघड्यावर ढीग लावतात तेव्हा. त्याच ढिगावर माशा होतात आणि माशा मात्र वासासारख्या नऊ वाजता जात नाहीत.

पोल्ट्रीला पूर्वी शेती समजून सोडून दिलं जायचं. राष्ट्रीय हरित लवादात त्याला आव्हान दिलं गेलं, आणि केंद्रीय मंडळाने २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याप्रमाणे पाच हजारांहून जास्त पक्षी असलेल्या शेडला प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागू झालं, नवी शेड वस्तीपासून ५०० मीटर दूर असावी असं ठरलं, मेलेले पक्षी आणि खत यांची विल्हेवाट कशी लावायची तेही लिहिलं गेलं. आमच्या भागातल्या किती शेडमालकांना हे माहीत आहे? आम्ही चौघांना विचारलं, एकाला ऐकून माहीत होतं.

आणि हे नुसतं नाकाचं प्रकरण नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत याच शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्या अचानक मरायला लागल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या एक किलोमीटर परिघातले सुमारे पंचवीस हजार पक्षी मारून पुरावे लागले. ज्यांच्या शेडमध्ये रोग नव्हता त्यांचेही गेले. चिकनचा धंदा त्या महिन्यात बसला तो दुकानदारांना अजून आठवतो. मेलेली कोंबडी उघड्यावर टाकणं ही सवय कुठपर्यंत नेते ते वेहळोलीने दाखवलं होतं.

वीटभट्ट्यांबद्दल इथे दोनच वाक्यं, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेत भट्टी वस्तीपासून ८०० मीटर दूर असावी असं आहे, आणि भट्टीच्या सर्वात जवळची वस्ती कुणाची असते तर भट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांची, ज्यांची झोपडी मीटरमध्ये कुणी मोजत नाही.

शेजारच्या वाडा तालुक्यात जुने टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यांच्या काजळीबद्दल लोक अशीच वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. वाशिंदकरांनी ते नीट बघून ठेवावं.

आता थोडं मोठ्या चित्राकडे जाऊ, कारण वास कुठे राहायला येतो याचा एक नकाशा आहे आणि त्या नकाशात आपला समाज कुठे आहे हे न लिहिता हा विषय पुरा होत नाही.

गोवंडी घ्या. एका बाजूला देवनारचं डम्पिंग, १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ च्या अखेरीस त्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला आणि महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दुसऱ्या बाजूला मुंबईभरच्या इस्पितळांचा जैविक कचरा जाळणारा कारखाना, २००९ पासून. गोवंडीतल्या रहिवाशांच्या संघटनेने जनहित याचिका केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत हलवायला सांगितलं. कुठे? रायगड जिल्ह्यात, खालापूरकडे. गोवंडीकरांचा लढा शंभर टक्के खरा होता. पण खालापूरच्या गावांतल्या माणसाने हा निकाल वाचून काय म्हणावं?

माहुलचं तसंच. तेल आणि रसायनांच्या टाक्यांच्या वासाविरुद्ध तिथल्या कोळीवाड्यातल्या लोकांनी हरित लवादात दाद मागितली. केईएम रुग्णालयाने केलेली आरोग्य पाहणी तिथे उपयोगी पडली, हवेतल्या सेंद्रिय वायूंची मोजणी झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटींची भरपाई ठरवली. पैसा वसूल होणं आणि लोकांपर्यंत पोचणं ही पुढची, अपिलांची गोष्ट. पण याच माहुलला मुंबईतल्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबं राहायला नेली होती! ज्या हवेत माणूस नको असं लवाद म्हणतो तिथे महापालिका माणसं नेऊन ठेवते, त्यांना बाहेर काढा किंवा भाडं द्या असं सांगायला २०१९ मध्ये उच्च न्यायालय लागतं.

तेव्हाच्या औरंगाबादमध्ये नारेगाव-मांडकीच्या लोकांनी तीस वर्षांहून जास्त शहराचा कचरा अंगावर घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या. शहरात कचऱ्याचे डोंगर झाले, महापालिका नव्या जागा शोधत फिरली, आणि मार्चमध्ये मिटमिट्यात गाड्या गेल्या तेव्हा दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. नारेगावचा वास मिटमिट्याला नको होता, यात मिटमिट्याचं काय चुकलं?

कांजूरमार्गचा निकाल अजून बोलका. आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षं वासाबद्दल बोलत होते. २ मे २०२५ ला उच्च न्यायालयाने निर्णय दिला तो मात्र त्या ११९.९१ हेक्टर जागेच्या कागदावर, ती जागा संरक्षित वन आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्याला स्थगिती दिली. आम्ही यातून एवढंच घेतलं की वासाची लढाई वासावर क्वचितच जिंकली जाते. कुठे जमिनीच्या दाखल्यावर, कुठे संमतीपत्राच्या अटीवर, कुठे इस्पितळाच्या पाहणीवर. नाकाने सुरू करायची आणि कागदाने पुढे न्यायची.

आणि नकाशा आता आपल्याकडे सरकतो आहे. मुंबईच्या कचऱ्यासाठी अंबरनाथ तालुक्यातली करवलेची जागा धरली गेली, गावकऱ्यांनी विरोध केला. ठाण्याच्या कचऱ्यासाठी भिवंडी तालुक्यातली आतकोलीची जागा देण्यात आली, तिथेही गावं हरकत घेत आहेत. तानसा, भातसा, वैतरणा, मुंबईचं पिण्याचं पाणी आमच्या शहापूर तालुक्याच्या अंगणातून जातं, आमच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर येतो. पाणी तिकडे आणि कचरा इकडे, अशी ही वाटणी व्हायला लागली तर तिच्याबद्दल आज बोलावं लागेल. उद्या डम्पर आल्यावर बोलून मिटमिटा होतो.

आता चिकनच्या दुकानांकडे परत. आम्ही ती अर्जात का लिहिली?

पहिलं कारण सरळ आहे. वास येत होता. पिसं, आतडी, रक्त गोणीत भरून रात्री नाल्याच्या कडेला टाकलं जात होतं आणि हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका, बाजूच्या नमाजीला त्रास होतो, ही शिकवण लहान पोरालाही माहीत असते. एका माणसाच्या तोंडाच्या वासाची ज्या दीनने एवढी फिक्र केली, त्यात आळीच्या नाकाखाली गोणी सोडायला जागा कुठून आली?

दुसरं कारण हिशोबाचं. आपण आपली गोणी लपवून दुसऱ्याच्या शेडकडे बोट दाखवलं असतं तर पहिल्याच सुनावणीत समोरच्याने गोणीचा फोटो काढला असता. आणि मग अर्ज वासाचा राहिला नसता, आपला झाला असता. मुंबईच्या बेकऱ्यांचं उदाहरण ताजं आहे. ९ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस-विजेवर जायला सांगितलं. त्यातल्या कित्येक बेकऱ्या इराणी आणि मुसलमानांच्या, पिढ्यांपासूनच्या. आमच्यातल्या काहींनी लगेच म्हटलं, पाहा, मुद्दाम. आम्हाला ते पटत नाही. धूर खरा आहे आणि तो सर्वात आधी भट्टीपुढे उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो. बदलायचा खर्च छोट्या बेकरीवाल्याने कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र शंभर नंबरी आहे, आणि मोठ्या बांधकामांच्या धुळीला इतक्या नेमक्या मुदती का लागत नाहीत, हाही आहे. ते प्रश्न विचारायला आपली भट्टी साफ असावी लागते.

दुकानदारांशी बोलणं सोपं नव्हतं. एक जण चिडून म्हणाला, "तुम्ही पण सुरू झालात?" शेवटी वडीलधाऱ्या चाचांनी मध्यस्थी केली. दुकानदारांनी आपसात वर्गणी काढून झाकणाची पिंपं घेतली आणि उरलेला माल उचलायला टेम्पोवाला ठरवला. रोज येतो असं नाही, रविवारी पिंपं भरून वाहतात. पण नाल्याची कड पूर्वीपेक्षा बरी आहे, आणि पलीकडच्या आळीतल्या ज्या गृहस्थांनी दुकानं लिहा म्हटलं होतं त्यांनीच नंतर पोल्ट्रीचा मुद्दा ग्रामसभेत मांडला. त्यांच्या मनात काय होतं याचा आम्ही लावलेला अंदाज चुकला होता, हे कबूल केलं पाहिजे.

दुसरा अर्ज कसा लिहिला ते सांगतो, कारण मुरबाड, पडघा, भिवंडीकडूनही याबद्दल विचारणा होते. आम्ही आधी महिनाभर एक वही ठेवली. शाळेची दोनशे पानी. वास आला की ज्याच्या घरी आला त्याने तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कसला वास, वारा कुठल्या बाजूने, आणि घरात कुणाला त्रास झाला, एवढं लिहायचं. वाऱ्यासाठी उदबत्तीचा धूर कुठे वळतो ते बघायचं, दुसरं यंत्र लागत नाही. सकाळी साधारण पूर्वेकडून येणारा वारा आणि दुपारनंतर पश्चिमेकडचा, यात एकच शेड एकदा या आळीला लागते आणि एकदा त्या आळीला, हे वहीमुळे पहिल्यांदा कळलं. त्याआधी दोन्ही आळ्या एकमेकींना खोटं समजत होत्या. एक बाई दम्याच्या पोराचा पंप कधी द्यावा लागला त्याची नोंद न सांगताच करत होत्या, ती नोंद सर्वात उपयोगाची ठरली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्सही जोडल्या.

मग एकाच अर्जाच्या प्रती वेगवेगळ्या दारी दिल्या. ग्रामपंचायतीत, कारण स्वच्छता तिचं काम आहे आणि शेडचा, दुकानाचा दाखला तिच्याकडून जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याणच्या कार्यालयात. शहापूरच्या तहसीलदारांकडे, कलम १५२ चा उल्लेख करून, आणि प्रत भिवंडीच्या प्रांतांना. कोंबड्यांचा विषय म्हणून पशुसंवर्धन खात्यालाही. प्रत्येक ठिकाणी पोच घेतली. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे सुस्कारा, असं आमच्यातले एक निवृत्त कारकून म्हणतात.

अर्जात 'कार्यवाही व्हावी' हे वाक्य काढून टाकलं आणि तीन नेमक्या मागण्या घातल्या. पाहणी पहाटे पाच ते सात या वेळेत व्हावी आणि पंचनाम्यावर दोन्ही आळ्यांतल्या रहिवाशांच्या सह्या असाव्यात. पाच हजारांवरच्या शेडचं संमतीपत्र तपासावं. आणि नोटीस काढायचीच असेल तर पिल्लं-खाद्य पुरवणाऱ्या कंपनीलाही पत्र जावं, खताच्या ढिगाला ताडपत्री आणि पक्की जागा देण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडू नये. ही तिसरी मागणी शेडमालकांनी ऐकली तेव्हा त्यांतले दोघे स्वतःहून भेटायला आले. एकाने त्याच आठवड्यात ढीग झाकला.

कचरा जाळण्याचं मात्र जमलेलं नाही. ज्या वस्तीत घंटागाडी जात नाही तिथे काडी लावणाऱ्याला काय सांगणार? प्लास्टिक घरात ठेवा? रेल्वेच्या हद्दीतला कचरा ग्रामपंचायतीचा नाही आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतला रेल्वेचा नाही, धूर मात्र दोन्ही हद्दींत जातो.

हरित लवादाकडे जायचं का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे, भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये, वकील सक्तीचा नाही. पण कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, हे बहुतेकांना उशिरा कळतं. तरुण पोरं म्हणतात जाऊ. चाचांचं म्हणणं, ज्या शेतकऱ्याने ढीग झाकला त्याला पुण्याच्या चकरा मारायला लावू नका, आधी तहसीलदारांचं उत्तर येऊ द्या. आमचा कल सध्या चाचांकडे आहे, पण वहीतल्या पानांवर बारीक नजर ठेवून.

दरम्यान माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचं तिकीट लावून आम्ही पाच शेडच्या संमतीपत्रांच्या प्रती मागितल्या आहेत. तीस दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. वही चालू आहे. कालची नोंद पहाटे ५.२० ची आहे, वारा पूर्वेचा, वास जळक्या प्लास्टिकचा, आणि शेजारच्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे, पंप दोन वेळा.